मोतीचे सोवळे

“अजून निघतो का हो मोती साबण?” दर दिवाळीला वाण्याकडे हे नवल ऐकावे, तर विचारणाऱ्याच्याच पिशवीत दोन वड्या! टाटा ऑइल मिल्सचा हा साबण १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरकडे गेला. मालक बदलले, पण नरकचतुर्दशीने त्याला तारले. खुशाल तरो. चंदनाचा वास मलाही आवडतो. माझे भांडण आहे ते त्याला ‘परंपरा’ म्हणणाऱ्यांशी. वर्गात एका पोराने विचारले, “गुरुजी, मोतीशिवाय अभ्यंगस्नान होते का?” अहो, अभ्यंग म्हणजे अंगाला तेल माखणे! त्यावर उटणे. तेल चोळायला आईला सवड नाही, उटण्याची पुडी कोनाड्यात तशीच, आणि साबण मात्र सोवळ्यातला! निबंधात त्याने उटणे गाळले, तर गुण कापू कोणाचे? त्याचे, की त्याच्या वडिलांचे?