बारभाई आणि वरिष्ठ पंचायत

अनेकांनी मिळून राज्य चालविण्याच्या प्रयोगाचा शेवट किती भीषण होऊ शकतो, हे सुदानने जगाला दाखविले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे ६ नागरी व ५ लष्करी सदस्यांचे सार्वभौम मंडळ सत्तेवर आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेनापती बुऱ्हान यांनी नागरी नेतृत्वाला दूर लोटले, आणि १५ एप्रिल २०२३ रोजी मंडळाचे अध्यक्ष बुऱ्हान व उपाध्यक्ष दगालो यांच्याच फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. अनेक कारभारी म्हटले की यादवी ठरलेलीच, असा निष्कर्ष यावरून काढणाऱ्यांनी एकदा सिल्वासाकडे पाहावे, असे आम्ही सुचवितो.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारभाईंनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार हाती घेतला. घरात राघोबादादांची दुही आणि बाहेर इंग्रजांची स्वारी असता त्यांनी राज्य राखले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु १७७९ मध्ये सखारामबापू बोकील कैदेत गेले आणि बाराजणांचा कारभार एकट्या नाना फडणविसांचा झाला. त्याच वर्षअखेरीस पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह करून वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे त्यांना देऊ केली. तीच आजची दादरा व नगर हवेली!

पावणेदोनशे वर्षांनी, जुलै १९५४ मध्ये दादरा व २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. या लढ्यात युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स होता, आझाद गोमंतक दल होते, संघाचे स्वयंसेवक होते आणि कम्युनिस्टांनी संघटित केलेले वारलीही होते. ध्येय एक, पण झेंडे अनेक. यादवीचे बीज अशाच भूमीत रुजते. तसे झाले नाही. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले, पुढे वरिष्ठ पंचायत उभी राहिली, आणि कोणत्याही देशाचा भाग नसलेल्या या मुलखाने सात वर्षे आपला संसार चालविला. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. दमणहून या मुलखात सैन्य वा शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, असा निवाडा १२ एप्रिल १९६० रोजी मिळेपर्यंत टिकाव धरणे ही लहान गोष्ट नव्हती.

हे साधले याचे कारण, आमच्या मते, एकच. सिल्वासाच्या कारभाऱ्यांनी सत्तेला ठेव मानले, वतन मानले नाही. ठेव परत करण्याची वेळ येताच, १२ जून १९६१ रोजी, वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला आणि ११ ऑगस्टला विलीनीकरण झाले. खार्टुमच्या सेनापतींना हेच साधले नाही.

पण ठेव ज्या जनतेची, तिच्या पदरात काय पडले? १९६१ च्या कायद्याने त्याच वरिष्ठ पंचायतीचे काम केवळ सल्ला देण्याचे ठरविले. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला आहे. लोकसभेत त्याचे दोन खासदार बसतात; विधानसभा मात्र नाही. प्रदेश लहान आहे, हे उत्तर आम्हांस पटत नाही. २०११ च्या जनगणनेत सिक्कीमची लोकसंख्या ६ लाख १० हजार होती. तेथे ३२ जागांची विधानसभा आहे. दादरा-नगर हवेली व दमण-दीवची मिळून लोकसंख्या त्याच वेळी ५ लाख ८६ हजार होती.

ज्यांच्या वाडवडिलांनी सात वर्षे एक देश सांभाळला, त्यांना आपला प्रदेश सांभाळता येणार नाही, असे दिल्लीने कोणत्या तोंडाने म्हणावे? दरवर्षी २ ऑगस्टला ध्वजवंदन होते, ते योग्यच. परंतु गरज सरो नि वैद्य मरो या न्यायाने त्या पंचायतीचा वारसा केवळ समारंभापुरता उरू नये. ठेव मूळ धन्यास पोचती करणे अद्याप बाकी आहे.