पाणी बिघडले, हे सिद्ध कोणी करावयाचे?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डिमॉक नावाचे लहानसे गाव आहे. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीत स्फोट झाला. विहिरीत मिथेन वायू साचला होता आणि परिसरात नैसर्गिक वायूसाठी खोदाई चालू होती.

या खोदाईच्या तंत्रास ‘फ्रॅकिंग’ म्हणतात. भूगर्भातील शेल खडकापर्यंत, तेथे सुमारे दीड-दोन किलोमीटर, छिद्र नेऊन पुढे ते आडवे वळवितात. मग पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडतात. खडकास भेगा पडून कोंडलेला वायू मोकळा होतो. एकेका छिद्रासाठी एक कोटी लिटरहून अधिक पाणी खर्ची पडते.

भेगा पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी खाली पडतात, असे समर्थक सांगतात. ते बहुतांशी खरे आहे. परंतु तेथे जाणारी नळी पाण्याच्या थरातूनच जाते. तिच्याभोवतीचे सिमेंटचे कवच सदोष असेल, तर वायूस पाण्यात शिरावयास वाट मिळते.

या वायूने कोळशाचा वापर घटविला, अनेक शेतकऱ्यांच्या हाती पैसाही आला, हे आम्ही नाकारीत नाही. आमचा प्रश्न न्यायाचा आहे. २००५ च्या कायद्याने अमेरिकेने फ्रॅकिंगला पेयजल सुरक्षा कायद्यातील महत्त्वाच्या तरतुदींतून सूट दिली. काही परिस्थितींत या उद्योगामुळे पेयजलावर परिणाम होऊ शकतो, हे केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये मान्य केले. डिमॉकच्या खटल्यात संबंधित कंपनीने आरोपास आव्हान न देण्याची भूमिका घेतली आणि नळयोजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलर्सहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले, ते २९ नोव्हेंबर २०२२ रोजी! तोवर जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती.

तोच शेल खडक शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातही पसरला आहे. त्या राज्याने मात्र आरोग्याचा धोका ओळखून २०१४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आणि २०२० मध्ये तिला कायद्याचे रूप दिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात हाच विवेक सांगितला आहे. गंभीर व भरून न येणाऱ्या हानीची चिन्हे दिसत असतील, तर प्रकल्प निर्धोक असल्याचा पुरावा प्रकल्प आणणाऱ्याने द्यावयाचा असतो. तो भार ज्याची विहीर नासली त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, असे आम्हांस वाटते. न्यायालयातील निकालाची वाट पाहता येते. तहानेला थांबविता येत नाही.