न्हावा शेव्याच्या ड्रायव्हरांची लघवी नीट तपासा

१. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून देशभरातले ट्रेलर ड्रायव्हर उरण तालुक्यात मुक्कामाला असतात. लघवीला आग होऊ लागली की ते जवळच्या लॅबमध्ये 'युरीन रुटीन' करून घेतात. 'पस सेल्स ०-२' वाचून निर्धास्त होतात. पण परमा किंवा क्लॅमिडिया हा संभोगातून पसरणारा आजार आहे की नाही, हे त्या चिठ्ठीतून कळतच नाही.

२. ते कळतं जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीतून. पुरुषांमध्ये ती या दोन्ही आजारांचे शंभरातले नव्वदहून जास्त रुग्ण पकडते. मात्र त्यासाठी लघवी योग्य हवी. लॅबवाले सवयीने 'मधली धार द्या' म्हणतात. इथे पहिल्या धारेचेच २०-३० मिली लागतात, आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं नसावं. डबी काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो आणि लागण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ही सूचना मराठी-हिंदीत डबीवरच चिकटवायला हवी.

३. बायकांमध्ये लघवीच्या तपासणीतून दहा टक्क्यांपर्यंत रुग्ण सुटू शकतात. त्यांच्यासाठी योनीमार्गाचा स्वॅब, तोही स्वतः घेता येणारा, जास्त भरवशाचा. क्लॅमिडियाची लक्षणं बहुतेक स्त्रियांना जाणवतच नाहीत. मूल राहत नाही म्हणून दवाखान्याच्या खेपा सुरू होतात तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून ड्रायव्हरच्या बायकोलाही उपचार मिळालेच पाहिजेत.

४. गरमी आणि एचआयव्हीसाठी रक्तच तपासावं लागतं.

५. पॉझिटिव्ह रिपोर्टही जपून वाचावा. हजारांत वीस जणांनाच लागण असेल, तर ९९ टक्के अचूक तपासणीसुद्धा दहाएक निरोग्यांना रोगी ठरवते. असा कागद ट्रान्सपोर्टरच्या हाती कधीही जाऊ नये.

६. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लक्षणांवरून राखाडी किट मिळतं: अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम. ते लगेच द्यावंच, कारण उद्या तो माणूस इंदूरच्या रस्त्यावर असेल. पण ज्याला काहीच त्रास नाही, तो या पद्धतीत सापडत नाही. टीबीसाठी सरकारने घेतलेल्या जीनएक्स्पर्ट मशीनवर परमा-क्लॅमिडियाचं कार्ट्रिज चालतं आणि दीडेक तासात निकाल देतं. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेने ही कार्ट्रिज उरण-पनवेलच्या सरकारी रुग्णालयांना पुरवावीत आणि खर्च बंदर प्राधिकरणाने उचलावा. कंटेनर उतरेपर्यंत रिपोर्ट ड्रायव्हरच्या हातात पडला पाहिजे.