ओला कचरा परसातच जिरावा

बार्देशातील साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ साली दैनंदिन १०० टन क्षमतेने सुरू झाला. पुढे ती २५० टनांवर न्यावी लागली. या वाढीचे कौतुक होते, हिशेब मात्र कोणी मागत नाही.

डिचोलीच्या वाड्यांवर नारळाची सोडणे, भाजीचे देठ अजूनही माडाच्या आळ्यात जिरतात. पेडण्याच्या किनारपट्टीचे चित्र निराळे. मोरजी, मांद्रे, हरमल येथील नव्या सदनिकांना परसच नाही. मासळीचे काटे आणि प्लास्टिक एकाच पिशवीत जाते. ओले-सुके घरीच वेगळे करण्याचे बंधन केंद्रीय नियमांनी २०१६ मध्येच घातले होते. भोगवटा दाखल्यापूर्वी संकुलात खतकुंडी आहे की नाही, एवढे पंचायतींनी पाहिले तरी उचलण्यास प्रामुख्याने सुका कचराच उरेल.