उन्हाचा जमाखर्च

सन १९५४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौरघट जगापुढे ठेवला. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्के भागाची तो वीज करीत असे. त्याच वर्षी २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत उतरले होते, हे महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतून आजही अभिमानाने सांगितले जाते. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध काहीच नव्हता. पण दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी, दुधनीला, मोटारीमागे ओढून आणलेल्या चाकांवरच्या घरात बसून कचेरीचे काम करावे, असे आज एखाद्या तरुण दांपत्याच्या मनात आले, तर त्या दोन्हींचे ऋण एकाच जागी मान्य करावे लागते.

आपल्याकडील पुष्कळ मुलेमुली आता घरूनच नोकरी करतात. ‘घर’ कुठे असावे, हा प्रश्न त्यांच्यापुरता सैल झाला आहे. वडीलधारी मंडळी धास्तावतात ती वेगळ्याच कारणाने: ऐन कामात वीज गेली, तर नोकरीचे काय? ही धास्ती रास्त आहे. परंतु तिचे उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शोधण्यापेक्षा वाणसामानाच्या वहीसारख्या एका वहीत शोधावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम खर्चाची बाजू मांडू. ५० वॅटचे दोन लॅपटॉप आठ तास चालले, तर ८०० वॅट-तास. राउटर १० वॅटचा, दहा तास: १००. कमी विजेवर चालणारा ३० वॅटचा पंखा चौदा तास: ४२०. दहा-दहा वॅटचे दोन दिवे पाच तास: १००. लहान फ्रिजला दिवसाकाठी ५०० धरावेत. फोन व किरकोळ गोष्टींना ८०. बेरीज २,००० वॅट-तास, म्हणजेच आपल्या वीजबिलाच्या भाषेत दोन युनिटे.

आता जमेची बाजू. आपल्या भागात स्वच्छ हवेत दिवसाला सुमारे पाच तासांचे भर ऊन धरता येते. सूर्य बारा तास दिसतो हे खरे. परंतु सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन दुपारच्या मापाने मोजले, की एवढेच भरते. त्यातून तारा, इन्व्हर्टर, धूळ आणि उष्णता आपापला वाटा काढून घेतात. २५ अंशांच्या वर पॅनेल जसजसे तापते, तसतसे त्याचे उत्पादन दर अंशामागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घटते. ही सारी घट मिळून पाव हिस्सा सोडला, तर दोन युनिटे हाती येण्यासाठी पावणेतीनच्या आसपास युनिटे निर्माण व्हावी लागतात. पाच तासांनी भागले, की सुमारे ५५० वॅटचे पॅनेल हवे, असे उत्तर निघते. असे एक पॅनेल सव्वादोन मीटरांहून थोडे लांब, एक मीटरहून थोडे रुंद आणि पंचवीस किलोंहून जड असते. छपरावर ते मावते. मात्र गाडी झाडाच्या सावलीत लावण्याचा मोह आवरावा लागतो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादनाला मोठा धक्का देते.

बॅटरीचे माप निराळे. एक दिवस ऊन मुळीच आले नाही तरी काम चालावे, अशी अपेक्षा ठेवू. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतील ८० टक्के वीज वापरावी आणि इन्व्हर्टरची घट १० टक्के धरावी. म्हणजे सुमारे २,८०० वॅट-तासांची, १२.८ व्होल्टला २२० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. तीच गरज शिशाच्या बॅटरीने भागवायची, तर ती निम्म्यापलीकडे रिकामी करू नये. त्यामुळे मोठ्या तीन बॅटऱ्या लागतात आणि त्यांचे वजन दीडशे किलोंच्या वर जाते. घाट चढणाऱ्या गाडीला हा फरक जाणवल्यावाचून राहत नाही.

येथे एक गोष्ट नजरेआड होते. परदेशी कचेरीसाठी काम करणारी मुले पुष्कळदा रात्री जागतात. दिवसा काम करणाऱ्याचा लॅपटॉप थेट उन्हावर चालतो. रात्री काम करणाऱ्याचा सर्वस्वी बॅटरीवर. युनिटे तितकीच, परंतु रात्रपाळीवाल्याने बॅटरीत कंजुषी करू नये.

इन्व्हर्टर मात्र ५०० वॅटचा पुरतो, जर चूल गॅसची ठेवली तर. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालली, की दिवसाची जवळजवळ निम्मी शिदोरी संपली! वातानुकूलनाची गोष्ट तर काढूच नये. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज आणि पुरेशा जाड तारा यांत काटकसर करणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिला हवेशीर जागा द्यावी, निजण्याच्या खोलीत ठेवू नये.

राहता राहिला पावसाळा. दादरा-नगर हवेलीत वर्षाला २०० सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. भर उन्हाचे पाच तास अडीचवर आले, तर पॅनेल दुप्पट हवे. तेवढे छपरावर मावत नाही, आणि मावले तरी सलग आठ दिवसांच्या झडीपुढे त्याचा इलाज चालत नाही. म्हणून आषाढ-श्रावणात जेथे साधी वीजजोडणी मिळते तेथेच मुक्काम करावा, हे उत्तम. दुधनीचे हिरवे डोंगर पाहायला दोन दिवस जरूर जावे. महिन्याचे काम घेऊन जाणे दिवाळीनंतर बरे.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्या आजीने सांगितले तेव्हा तिच्यासमोर वॅट-तास नव्हते, पण हिशेब हाच होता. मुलांनी असा बेत घरी बोलून दाखवला, तर वडिलांनी ‘नको’ म्हणण्याआधी वही मागावी. बेरीज नीट मांडलेली असेल, तर आशीर्वाद देण्यास आमच्या मते कोणतीच हरकत नाही.