रिपोर्ट कुणाचा?

मे महिन्यातली दुपार होती. पंधरा वर्षांची एक मुलगी आई आणि मामाबरोबर आमच्या दवाखान्यात आली. सिकलसेलची रुग्ण. नागपूरच्या उन्हात शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारख्या कळा येतात. सलाईन लावले, इंजेक्शन दिले. कळा थांबल्या, पण रडणे थांबेना. सलाईन चालू असतानाच मामाने तिचा फोटो आणि रक्ताचा रिपोर्ट ‘प्रार्थना करा’ असे लिहून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला होता. त्या ग्रुपमध्ये तिच्या वर्गमैत्रिणीची आईही होती.

मामा म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आजार आहे, गुन्हा थोडाच आहे? लपवायचं कशाला?’’

मामांचे म्हणणे अगदीच चूक नाही. सिकलसेल आनुवंशिक आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच लग्नाआधी दोघांनी रक्ताची तपासणी करून रिपोर्ट एकमेकांना दाखवावेत, असे आम्हीच सांगतो. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. आजार झाकून हे काम होणार नाही. पण होणाऱ्या जोडीदाराला सांगणे वेगळे आणि दहावीतल्या मुलीचा रिपोर्ट मोहल्लाभर फिरवणे वेगळे. सिकलसेलचे नाव ऐकून आपल्या विदर्भात आजही सोयरिकी मोडतात.

हल्लीची मुलेच सगळे इन्स्टाग्रामवर टाकतात, अशी पालकांची तक्रार असते. टाकतात खरी. वॉर्डातल्या फोटोत शेजारच्या खाटेवरचा रुग्णही येतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. ते समजावून सांगावे लागते. पण स्वतःचे दुखणे स्वतः सांगणारी मुले मला त्यामानाने कमी भेटतात. बहुतेक वेळा बातमी फुटते ती आपल्यासारख्या मोठ्यांच्या फोनवरून, आणि तीही मायेपोटी. (माझेही हात स्वच्छ नाहीत. ‘सिकलसेलवाली कोण?’ असे भरल्या हॉलमध्ये मी कितीदा ओरडलो असेन!)

कायद्याचा आधार आहे, पण अपुरा. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो परवानगीशिवाय छापू नये, हे डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने बजावले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी झालेल्या २०२३ च्या कायद्यातून व्यक्तीचा खाजगी आणि घरगुती वापर वगळलेला आहे. मामांच्या फोनपर्यंत तो कायदा कसा पोहोचणार?

तेव्हा हे घरातच ठरले पाहिजे. फोटो टाकण्याआधी पोरीला विचारा. ‘नाही’ म्हणाली तर विषय संपला. रक्त किंवा पैशांची मदत हवी असेल तर नाव आणि चेहरा न देताही निरोप पाठवता येतो. आणि आईंनो, तपासणीच्या वेळी पाच मिनिटे बाहेर बसा. चौदा-पंधरा वर्षांची मुले आईसमोर पाळीबद्दल, भीतीबद्दल किंवा चुकवलेल्या गोळ्यांबद्दल बोलत नाहीत.

मामांनी तो फोटो काढून टाकला, पण तोवर तो पुढे गेला होता. मुलगी आठवडाभर शिकवणीला गेली नाही. शाळा उघडल्यावर एका शिक्षिकेला तरी सांगणे भाग होते, कारण तिला वर्गात वारंवार पाणी प्यावे लागते आणि लघवीलाही जावे लागते. मी चिठ्ठी लिहायला घेतली तर म्हणाली, ‘‘नको, मीच सांगते.’’ जुलैत आली तेव्हा सांगून झाले होते. पाण्याची बाटली आता तिच्या बाकावर असते.