चाकांवरच्या घराचे एक पथ्य

अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर मोटरहोममधून सहलीचा बेत ठरला, तर वाचकहो, एक पथ्य अवश्य पाळा. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटती ठेवून अथवा जनरेटर चालू ठेवून झोपू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणे. परंतु प्रवासाचा शीण किंवा वयोमान समजून ती अंगावर काढली जातात. एकाच वेळी दोघांना त्रास होऊ लागला, बाहेर पडताच उतरला, तर संशय घ्यावा. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे, ९११ क्रमांकावर मदत मागवावी. निघण्यापूर्वी गाडीतील डिटेक्टरचे बटण दाबून तो वाजतो ना, याची मुलांनी स्वतः खात्री करावी.